भिजलेल्या चार ट्रंका: बडोद्यातल्या एका घराचं प्रकरण

हे प्रकरण एका मराठी कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं दिलेली नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी आप्पा म्हणते, त्यांच्या सुनेला वहिनी. हस्तलिखितांच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली, त्यामुळे हे लिहिताना कागदांबद्दल जरा जास्त बोललं जाईल. पण मला सांगायचं आहे ते त्या घरातल्या माणसांबद्दल. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे दोन दिवसांत ठरवायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय ठरवलं, मी काय ठरवलं, आणि तीन आठवड्यांनी त्यातलं काय चुकलेलं निघालं, ते.

पार्श्वभूमी

२०२४ सालची जन्माष्टमी २६ ऑगस्टला, सोमवारी होती. त्या दिवशी लागलेला पाऊस थांबेना आणि पुढच्या दोन दिवसांत विश्वामित्रीची पातळी ३५ फुटांच्या वर गेली. नदीच्या बाजूच्या सोसायट्यांत तळमजले पाण्यात गेले. बाहेरगावच्या लोकांना त्या पुरातले मगरींचे फोटो आठवतात. आम्हाला आठवतो तो वास: चिखल, गटार, डिझेल आणि भिजलेली गादी यांचा एकत्र.

आप्पांचं घर म्हणजे अशाच एका सोसायटीतलं दोन मजली टेनामेंट. मूळ घर दांडिया बाजारातला वाडा. पणजोबा गायकवाडी राज्यात वहिवाटदाराच्या, म्हणजे तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत कारकून होते, आजोबा शाळाखात्यात. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा आप्पा तीन वर्षांचे होते, म्हणजे संस्थानी दिवसांची त्यांना स्वतःची अशी आठवण जवळजवळ नाही. तरी ते त्या काळाबद्दल बोलतात ते काल पाहिल्यासारखं. वाडा १९९४ मध्ये विकला गेला. आप्पा अजूनही म्हणतात, "अगदी परवापरवापर्यंत आमच्या चौकात कारंजं उडत होतं." मराठीतला हा 'परवा' मोठा लवचिक आहे. मागच्याही दिवसाला परवा, पुढच्याही दिवसाला परवा. वाक्यातलं क्रियापद येईपर्यंत माणूस कुठे तोंड करून उभा आहे ते कळत नाही.

वाड्यातून टेनामेंटमध्ये आलं ते चार पत्र्याच्या ट्रंकांमध्ये आलं. त्या जिन्याखाली एकावर एक ठेवलेल्या होत्या. पहिलीत पणजोबांचे कागद, लाल रुमालात बांधलेले, बहुतेक मोडीत. आप्पांना मोडी येत नाही. त्यांच्या वडिलांनाही जेमतेम यायची. त्या रुमालात वाड्याची सनद आहे असं घरात तीन पिढ्या सांगत आले होते. दुसरीत आजोबांच्या रोजनिश्या, १९३८ ते १९६१, चोवीस. तिसरीत फोटो, प्रमाणपत्रं, लग्नपत्रिका. चौथीत आप्पांच्या पत्नीच्या, म्हणजे घरात जिला सगळे आई म्हणत तिच्या, हिशेबाच्या वह्या. चाळीसेक होत्या. त्यांच्याबरोबर नातीची जुनी शाळेची पुस्तकं आणि पाठीमागे दुधाचे आकडे लिहिलेली कॅलेंडरची पानं. आई २०१९ मध्ये गेल्या.

घरात चार माणसं: आप्पा, वय ७८, मुलगा ४६, वहिनी ४३, आणि नात, बारावीत. मुलाला पुण्यात नोकरी मिळाली होती. नातीची परीक्षा झाली की मे महिन्यात सगळ्यांनी तिकडे जायचं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, असं ठरलेलं होतं. आप्पा या बेताला हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते.

अडचण काय होती

शुक्रवारी ३० ऑगस्टला सकाळी नातीने मला फोन केला. तिच्या आजीची आणि माझी ओळख होती. ती म्हणाली, "आजी, आमच्या ट्रंका पाण्यात गेल्यात. बाबा म्हणतात पस्तीतसुद्धा कोणी घेणार नाही. आजोबा जिन्यावर बसलेत, खाली उतरत नाहीत आणि वर जात नाहीत."

भिजलेल्या कागदाचं एक वेळापत्रक असतं. आपल्या दमट हवेत दोन ते तीन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पानं वाळली की वीट होते, आणि एकमेकांना चिकटलेले फोटो वाळले की त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर एकात एक रुततो. मग ते सोडवताना दोन्हींवरचे चेहरे जातात. मी पोचले तेव्हा ट्रंका साठ तासांहून जास्त वेळ पाण्यात राहिल्या होत्या. वीज नव्हती. पाणी टँकरचं. दारासमोर चिखलाने माखलेल्या सामानाचा ढीग, आणि तो उचलायला महापालिकेची गाडी एक-दोन दिवसांत येणार होती. आठ दिवसांवर गणपती, सात सप्टेंबरला.

घरात पाऊल टाकल्यावर मला जे दिसलं ते मी त्या क्षणी असं वाचलं: आप्पा भूतकाळात राहतात, मुलगा भविष्यात, आणि वहिनींना आत्ता या घटकेशिवाय दुसरा काळच परवडत नाही. आप्पा सनदेबद्दल बोलत होते. मुलगा म्हणत होता, "ताई, हे सगळं पुण्याला न्यायचं कुठे? आज नाही तर मेमध्ये टाकायचंच आहे." वहिनी सुपलीने चिखल ओढत होत्या आणि मधेच विचारत होत्या, गॅसची शेगडी धुतली तर चालेल ना.

हे वाचन सोयीचं होतं आणि बरंचसं चुकीचं होतं. ते का चुकीचं, हे मला हळूहळू कळत गेलं. मुलाची घाई पुण्यापायी नव्हती. वाडा विकला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. वाटणीच्या वेळी याच ट्रंकांवरून, कोणते कागद कोणाकडे राहतील यावरून, आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात जे झालं ते त्याने चौकात उभं राहून ऐकलं होतं. दोघे भाऊ पुढे सहा वर्षं बोलले नाहीत. त्याला त्या ट्रंका म्हणजे ते भांडण दिसे. आणि आप्पांचा जीव अडकला होता तो तर पुढच्या गोष्टीत. ते मला दुसऱ्या दिवशी जिन्यावरच म्हणाले, "पुण्यात कोणाला ठाऊक असणार आम्ही कोण ते? मी गेल्यावर माझं नाव तरी नीट घेतील का?"

कोणते पर्याय होते

पहिला, मुलाचा: सगळं ढिगावर टाकायचं. हा पर्याय मी मनातल्या मनातसुद्धा हसण्यावारी नेला नाही. ज्या घरात तीन दिवस पाणी उभं राहिलं आहे, जिथे एक मुलगी बारावीला आहे आणि झोपायला एकच कोरडी खोली आहे, तिथे चार ट्रंका चिखल वाचवणं हे काही आपोआप शहाणपणाचं ठरत नाही.

दुसरा: एखाद्या संस्थेला देऊन टाकायचं. जुने कागद जपायची या शहराला सवय आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये इथे मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, गावोगाव फिरत्या पेट्या पाठवल्या; जुन्या पोथ्या तपासून छापणारी गायकवाड ओरिएंटल सीरिज १९१६ पासून इथूनच निघाली. पण ओले, बुरशी धरलेले घरगुती कागद कोणतीही संस्था आपल्या कोरड्या कपाटांशेजारी घेणार नाही. घेऊही नये. शिवाय आप्पांचा होकार लागला असता.

तिसरा: सगळं घरीच वाळवायचं. मी हिशेब केला. नुसत्या रोजनिश्यांची आठ हजारांच्या वर पृष्ठं. एकेक पान सोडवून मधे कोरा कागद घालायचा तर हात बसलेल्या माणसालाही तासाला चाळीस-पन्नास पानांपुढे जाता येत नाही. पंखा बंद, बाहेर पुन्हा आभाळ भरलेलं. हे होणार नव्हतं.

चौथा: गोठवायचं. ओला कागद गोठवला की वेळापत्रक थांबतं. बुरशी वाढत नाही, शाई पुढे पसरत नाही, आणि मग एकेक गठ्ठा काढून सवडीने वाळवता येतो. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचं पाणी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं, लाखो पुस्तकं चिखलात गेली, आणि जगभरातून आलेल्या तरुण पोरांनी हातोहात ती बाहेर काढली. भिजलेल्या पुस्तकांचं काय करायचं हे आमचा धंदा त्या पुरानंतर बराचसा शिकला. आमच्याकडे फ्लॉरेन्सची साधनं नव्हती, पण आप्पांच्या भाच्याचं शहराच्या उंच भागात आइस्क्रीमचं दुकान होतं. तिथे वीज होती. त्याने एक डीप फ्रीजर रिकामा करून दिला. त्यात दोन ट्रंकांचा ऐवज मावत होता. फोटो गोठवण्यापेक्षा लगेच धुऊन वाळवणं बरं, त्याला वरच्या खोलीतली दोरी आणि पलंग पुरला असता.

म्हणजे चारातल्या तीन ट्रंकांची सोय झाली. एकीची होत नव्हती.

निर्णय कसा झाला

या प्रकरणातला हा मुख्य टप्पा आहे आणि तो फार तर दहा मिनिटांत उरकला.

मी आप्पांना विचारलं, यातलं सर्वांत मोलाचं काय. ते म्हणाले, सनद, आणि मग वडिलांच्या वडिलांच्या रोजनिश्या. माझ्या धंद्याची सवयही तीच: जुनं आधी. मुलगा खांदे उडवून म्हणाला, फोटो निदान पुढे कोणी बघेल तरी. आणखी एक वाक्य तो बोलला, "मला तर यातलं कधीच काही लागणार नाही." त्याचा मी प्रतिवाद केला नाही. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १९ हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. १८ ते ६८ वयाची माणसं, आणि कल सगळ्या वयांत तोच: गेल्या दहा वर्षांत आपण किती बदललो हे माणूस मोकळेपणाने सांगतो, पण येत्या दहा वर्षांत आपण फारसे बदलणार नाही असं त्याला वाटतं. 'कधीच लागणार नाही' हे छेचाळिसाव्या वर्षी सांगणारा माणूस छप्पन्नाव्या वर्षाच्या स्वतःच्या वतीने बोलत असतो, त्याला न विचारता. हे मला ठाऊक होतं. तरी चिखलात उभ्या असलेल्या माणसाला हे सांगणं मला योग्य वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

मग चौथी ट्रंक उघडली. वर शाळेची फुगलेली पुस्तकं, खाली वह्या. वहिनींनीच एक उचलली, पाणी निथळवलं आणि म्हणाल्या, "या राहू द्या ताई. यात काय आहे, दूध नि किराणा." आप्पा काही बोलले नाहीत. मुलगा काही बोलला नाही. मी मान हलवली. वहिनींनी दोन-दोन करून त्या वह्या स्वतःच फाटकापाशी नेऊन ठेवल्या. बऱ्याच खेपा झाल्या. त्या येताना-जाताना मी रुमालांना बटर पेपर गुंडाळत होते आणि मला त्यांच्या ओल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, एवढं मला स्वच्छ आठवतं. वर पाहिलं नाही.

काय केलं

रुमाल सोडले नाहीत, बांधलेलेच गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवले. जुन्या मोडी कागदांची शाई काजळीची असते. ती वर्षांनुवर्षं फिकी पडत नाही, पण ओली असताना बोट फिरलं की पसरते. रोजनिश्या उभ्या ठेवल्या, दोन-दोनच्या मधे बटर पेपर. फोटो मात्र त्याच रात्री. परातीत स्वच्छ गार पाणी, त्यात गठ्ठा बुडवायचा आणि पाण्याखालीच एकेक सुटेल तसा सुटू द्यायचा. ओढायचा नाही, पुसायचा नाही. नात हे काम माझ्यापेक्षा चांगलं करायला लागली. तिची बोटं पातळ आहेत आणि तिला घाई नव्हती. दोन मेणबत्त्यांच्या उजेडात तिने तिच्या आजीचा एक फोटो सोडवला, वेणीत अबोली, वय असेल एकोणीस-वीस. तो दोरीला लावताना ती म्हणाली, "ही माझ्याएवढी आहे."

रविवारी, एक सप्टेंबरला, गाडी आली आणि फाटकापाशी जे होतं ते सगळं घेऊन गेली.

गणपती दीड दिवसाचा बसवला. भिंतींना ओल होती म्हणून वरच्या खोलीत. मूर्ती उशिरा ठरवली त्यामुळे लहान मिळाली. या भागात त्या वर्षी बऱ्याच घरांत असंच झालं.

फ्रीजर रिकामा करून द्यायचा होता, म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आम्ही एकेक गठ्ठा काढून वाळवत गेलो. छापलेलं वर्तमानपत्र वापरायचं नाही, त्याची शाई उतरते. छापखान्यातून कोरा न्यूजप्रिंट आणला. पंखा भिंतीकडे तोंड करून.

तीन आठवड्यांनी

पितृपक्ष लागला. दरवर्षी आप्पांच्या वडिलांच्या तिथीला त्यांच्याकडे महालय असतो. गुरुजी आदल्या दिवशी फोन करून म्हणाले, "यादी काढून ठेवा."

ज्यांच्या घरी हे होतं त्यांना यादी म्हणजे काय ते माहीत आहे. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. ही नावं करणाऱ्याला पाठ असतात. त्यापुढे महालयात आईकडचे आजोबा-पणजोबा येतात, काका, आत्या, मामा, मावशी, बहीण, सासरे, गुरू, स्नेही, जे जे गेले ते सगळे, नाव आणि गोत्र घेऊन. आप्पा चाळीस वर्षं ही नावं म्हणत आले होते. पण म्हणत होते ते वाचून. आई दरवर्षी वही उघडून त्यांच्या पाटाशेजारी ठेवत असे, शेवटचं पान वर करून.

२०१९ नंतर ती वही वहिनी ठेवत होत्या. अलीकडची यादी ज्या वहीत होती ती गाडीत गेली होती.

आप्पांनी जिन्याखालची रिकामी जागा पाहिली, मग कपाट, मग देवघराचा खण. मुलाने मला फोन केला. त्याचा आवाज वेगळाच होता. "ताई, त्या रुमालांत असेल का?" असणार नव्हतं.

वहिनींना रात्री आठवलं. चिखल काढताना लोखंडी कपाटाचा एक पाय गंजून खाली बसला होता, तेव्हा त्यांनी ढिगावर नेता नेता एक वही त्या पायाखाली सारली होती. ती काढायला तिघं लागली. साडेनऊच्या सुमारास मुलगा ती टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. वाळून तिची वीट झाली होती, एका कोपऱ्यावर पायाचा गोल ठसा.

मी मागच्या बाजूने सुरुवात केली. हाडाची पट्टी पानाच्या कडेला घालायची, अर्धा इंच सरकवायची, थांबायचं. बारा वाजेपर्यंत शेवटची सहा पानं सुटली. आई नेहमी साध्या बॉलपेनने लिहीत. बॉलपेनची शाई तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. वही १९९६ ते ९९ ची होती. सत्तावीस नावं, प्रत्येकापुढे नातं आणि गोत्र; दोघांपुढे 'गोत्र विचारणे' असं लिहून नंतर वेगळ्या शाईत भरलेलं. त्याच्या अलीकडच्या पानावर आहेराची नोंद: कोणाच्या लग्नात आपल्याकडे काय आलं, म्हणजे त्यांच्याकडे कार्य निघेल तेव्हा काय द्यायचं. त्याच्या अलीकडे कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, आणि 'पुढच्या वर्षी मेथी कमी'.

मी ते पान कितीतरी वेळ धरून बसले होते. सनद, रोजनिश्या, प्रमाणपत्रं, हे सगळं होऊन गेलेल्याची नोंद म्हणून लिहिलेलं. या वहीतली जवळजवळ प्रत्येक ओळ पुढे लागेल म्हणून लिहिली होती. आणि आम्ही चौघांनी मिळून ती जुनी, निरुपयोगी ठरवली होती.

१९९९ नंतर गेलेल्यांची नावं त्यात नव्हती. ती सकाळी सहापासून फोन करून मिळवली, पुण्याहून, देवासहून. सर्वांत जास्त नावं सांगितली ती आप्पांच्या त्या धाकट्या भावाच्या बायकोने.

निष्पत्ती

मोडी कागद सर्वांत चांगले टिकले. चिंध्यांपासून केलेला तो जुना हातकागद आजच्या कागदापेक्षा फार चिवट. रोजनिश्या सर्वांत वाईट. फाउंटन पेनची निळी शाई धुऊन गेली आणि चोवीसपैकी सोळांत आता नुसती निळसर पानं आहेत. फोटो दोन तृतीयांश वाचले.

डिसेंबरात ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्यांनी रुमाल पाहिले. सनद निघाली नाही. ज्या कागदाला घरात सनद म्हणत होते ते गहाणखत होतं. वाडा एकदा गहाण पडला होता, आणि हे घरात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ही बातमी आप्पांना कशी सांगायची यावर मुलगा आणि मी दोन दिवस बोललो. शेवटी मुलानेच सांगितली. आप्पा दिवसभर गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "मग सोडवला कोणी?" तेव्हापासून ते मोडीची बाराखडी गिरवत आहेत. फारखती, म्हणजे गहाण सुटल्याचा कागद, अजून सापडलेली नाही. तीन रुमाल वाचायचे राहिले आहेत. इतकी वर्षं त्या ट्रंकेला नमस्कार करणारे आप्पा आता तिच्यात काहीतरी शोधत असतात, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो.

मुलाने वही मागून घेतली. तो कॉलेजात होता तेव्हाची वर्षं त्यात आहेत. त्याची फी तीन हप्त्यांत भरलेली आहे, आणि ज्या महिन्यात हप्ता आहे त्या महिन्यात दूध अर्धा लिटरने कमी आहे. तीनही वेळा. हे त्याने मला दाखवलं, समजावून सांगितलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट प्रश्नाची. 'यातलं मोलाचं काय' असं विचारलं की माणूस सर्वांत जुन्या आणि सर्वांत भारदस्त वस्तूकडे बोट दाखवतो. मी विचारायला हवं होतं: येत्या महिन्यात यातलं काय उघडावं लागेल? येत्या वर्षात? पितृपक्ष तीन आठवड्यांवर होता. हे आम्हा सगळ्यांना कॅलेंडरवरून ठाऊक होतं. हा प्रश्न आला असता तर आप्पांनाच वही आठवली असती.

दुसरी, विचारायचं कोणाला. वहिनी म्हणाल्या "यात काय आहे", तेव्हा त्या सासरे आणि नवरा यांच्यासमोर, रिकाम्या पोटी, पाचव्या तासाला बोलत होत्या. जागा कमी आहे हे त्यांना दिसत होतं आणि जागा करून देणं ही त्या घरातली त्यांची रोजची सवय. त्यांना बाजूला नेऊन, दोन घोट चहा देऊन विचारायला हवं होतं. ती ट्रंक त्या घरात फक्त त्यांनीच गेल्या पाच वर्षांत उघडलेली होती. बाकीच्या तीन कोणीच उघडलेल्या नव्हत्या, आणि हा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर होता: तीन ट्रंकांच्या कड्या गंजून बसलेल्या, चौथीची सहज निघाली.

तिसरी साधी आहे. सगळ्या वह्या वाचवता आल्या नसत्या. पण वह्यांची शेवटची पानं मोबाइलवर टिपता आली असती, चाळीस वह्या, अर्ध्या तासाचं काम. आमच्या फोनांत चार्ज थोडा होता आणि तो आम्ही राखून ठेवत होतो. वीज नसलेल्या घरात तो निर्णय चुकीचा म्हणवत नाही, पण शेजारी गाडी होती, गाडीत चार्जर होता.

रोजनिश्या गोठवल्या याचा मात्र मला पस्तावा नाही, त्या धुऊन गेल्या असल्या तरी. शाई किती टिकेल हे त्या दिवशी सांगता येत नव्हतं. शाईचा प्रकार आधी पाहून निवड करायला हवी होती, असं माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं मत आहे. ते बरोबर आहे. पण उरलेल्या आठांत आप्पांच्या जन्माचं वर्ष आहे, आणि तेवढ्यासाठी मी पुन्हा तोच धोका पत्करीन.

सध्या

मेमध्ये कुटुंब पुण्याला गेलं. एकच ट्रंक गेली, रुमालांची. फोटो नातीने स्कॅन केले.

जाण्याआधी वहिनींनी नवी वही घातली. दुकानात जेल पेन समोर आलं तेव्हा त्यांनी ते परत करून बॉलपेन घेतलं. शेवटच्या पानांवर यादी नव्याने लिहिली, सत्तावीस आणि मागाहून मिळालेली अकरा, अडतिसाव्या ओळीवर आईंचं नाव. त्या लिहीत असताना मी तिथे होते. आप्पा म्हणाले, "खाली एक ओळ सोड." वहिनींनी चार सोडल्या आणि पान उलटून आहेराचा हिशेब लिहायला घेतला.